जुनी जिप्सी घरच्या घरी: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

मारुतीची जुनी जिप्सी दारात आली की मालक आधी टायरच्या दुकानात जातो. दातेरी टायर, ते बसावेत म्हणून लिफ्ट (गाडीची उंची वाढवणं), लिफ्ट झाली म्हणून समोर लोखंडी बंपर, आणि उरलेल्या पैशांत टपावर लाइटची पट्टी. तोवर ब्रेक ऑइल काळं पडलेलं असतं आणि ड्रायव्हरच्या मॅटखालचा पत्रा पोखरलेला असतो. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी या पट्ट्यात या गाड्यांचे खरे वैरी दोन: खाडीची खारी हवा आणि पावसाळ्याची ओल. घाटातल्या दगडांनी मोडलेल्या जिप्स्या मी फार थोड्या पाहिल्या. पार्किंगमध्ये उभ्या उभ्या कुजलेल्या मात्र भरपूर.

म्हणून खाली कामं ज्या क्रमाने दिली आहेत तो क्रम शक्यतो मोडू नका. आधी गंज, मग ब्रेक, मग पुढचे हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि नकल (चाकासोबत वळणारा सांधा), स्टिअरिंग, तेलं, वायरिंग, कूलिंग. टायर आणि उंची सर्वांत शेवटी. शेवटच्या दोन गोष्टींचे पैसे आधीच्या कामांत संपले तरी वाईट वाटून घेऊ नका. सुस्थितीतली साधी जिप्सी जिथे जाते तिथपर्यंत जायला आपल्यापैकी बहुतेकांचं धाडस पुरत नाही.

गाडी नेमकी कोणती

सुटे भाग मागायच्या आधी हे ठाऊक हवं. १९८५ साली आलेली एमजी४१० म्हणजे ९७० सीसीचं इंजिन आणि चार गिअर. १९९६ ची जिप्सी किंग, एमजी४१३डब्ल्यू, १२९८ सीसीची, कार्ब्युरेटरवाली, पाच गिअरची. २००० पासून त्याच किंगला सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी फ्यूल इंजेक्शनचं) इंजिन आलं. खालचा सांगाडा सगळ्यांचा एकाच घराण्यातला: शिडीसारखी लॅडर चासी, चारही कोपऱ्यांवर पाटे (पोलादी पानांच्या स्प्रिंग), पुढे-मागे अखंड अक्सल, आणि गिअरबॉक्सपासून वेगळा टांगलेला ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या अक्सलकडे ताकद वाटणारा डबा. एमपीएफआय इंजिन एस्टीमच्या कुळातलं असल्यामुळे इंजिनाच्या आतल्या सामानाची चणचण कमी. अडचण येते ती जिप्सीच्या स्वतःच्या भागांची, म्हणजे नकल, हब, ट्रान्सफर केस यांची.

मुंबईत नव्या सामानासाठी ऑपेरा हाउसची दुकानं आणि जुन्यासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. ब्रेकचं सामान, बेअरिंग, ऑइल सील आणि रबरी पाइप नेहमी नवेच घ्या, बिलासकट. दरवाजा, टेलगेट, सीटचा सांगाडा, काचेची फ्रेम जुनी घ्यायला हरकत नाही. जुना भाग घेताना तुमचा काढलेला भाग सोबत न्या आणि काउंटरवर शेजारी ठेवून बघा. फोटो दाखवून घेतलेलं सामान परत करायला पुन्हा कुर्ल्यापर्यंतचा ट्रॅफिक झेलावा लागतो.

जागा आणि हत्यारं

सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये काम होतं, पण सेक्रेटरी काकांना आधी विचारून. ग्राइंडर दुपारी एक ते चार बंद. लादीवर जुना फ्लेक्स आणि त्यावर पुठ्ठे अंथरायचे, कारण लादीत मुरलेला गिअर ऑइलचा डाग तुमच्या पश्चातही तिथेच राहील. जुनं ऑइल गटारात ओतायचं नाही. आपली गटारं नाल्यातून थेट ठाणे खाडीत जातात, आणि ती खाडी फ्लेमिंगोंचं अभयारण्य आहे. डब्यात भरून गॅरेजमध्ये द्या, तिथून ते जुनं ऑइल गोळा करणाऱ्यांकडे जातं.

गाडीसोबतचा जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. खाली शिरायचं असेल तर अक्सलच्या नळीखाली दोन जॅकस्टँड हवेतच, आणि जमिनीवर राहिलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी. हँडब्रेकवर भरवसा नको. विटा रचून गाडी कधीच टेकवू नका, वीट आधी काही न सांगता फुटते. बाकी यादी छोटी आहे: ८ ते २४ पर्यंत सॉकेटचा संच, रिंग पाने, टॉर्क पाना, बॉल जॉइंटचा पुलर, सर्क्लिपची पकड, ग्रीसगन, मल्टिमीटर, पितळी पंच आणि रद्दीवाल्याकडे असतो तसा हुकाचा स्प्रिंगकाटा. काटा कशाला ते पुढे येईल.

गंज: स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली शिरा

खालून पाणी मारून चिखल काढा, एक दिवस वाळू द्या, मग टॉर्च, छोटी हातोडी आणि जुना चपटा स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली जा. चासीवर बोटभर अंतराने हातोडी ठोकत चला. धड लोखंड टणटणतं, कुजलेलं बद्द वाजतं. बद्द वाजलं तिथे स्क्रूड्रायव्हर दाबा. ठिकाणं ठरलेली आहेत: बॉडी चासीवर बसते तिथले कंस आणि रबरी माउंट, मागच्या शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला टांगणाऱ्या पट्ट्यांचे) कान, सर्वांत मागची आडवी पट्टी, चाकांवरच्या कमानींच्या आतली कड, पेट्रोल टाकीची वरची बाजू, आणि केबिनमध्ये दोन्ही मॅटखालचा पत्रा. काचेच्या फ्रेमचा खालचा कोपरा तर हमखास. तिथून गळलेलं पाणी सरळ तुमच्या पायाशी येतं आणि लोक उगाच हीटरला दोष देत बसतात.

चासीची पट्टी आतून पोकळ असते आणि तिला खाली निचऱ्याची भोकं असतात. ती चिखलाने बुजलेली असतील तर आत पावसाळाभर पाणी साचून राहतं. तारेने मोकळी करा. तारेसोबत चिखल आला तर ठीक, पापुद्रे आले तर चासी आतून गेलेली आहे आणि ते काम पार्किंगमधलं नाही.

वरवरचा गंज स्वतः काढता येतो. ग्राइंडरला तारेचा कप ब्रश लावून चकाकतं लोखंड दिसेपर्यंत घासा, डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर मास्क लावूनच. खाचांमध्ये ब्रश पोचत नाही तिथे फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावा. ते गंजाचं लोह फॉस्फेट करतं, काळपट थर दिसतो, आणि रंग त्यावर नीट धरतो. मग इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, वर पीयू रंग. नुसता रेड ऑक्साइड मारून सोडू नका, तो सच्छिद्र असतो आणि ओल आत घेतो. पोकळ भागांत लांब नळीच्या स्प्रेने मेण मारायचं.

गंज तसाच ठेवून त्यावर काळं रबरी अंडरकोट मारून घेणं हा मात्र पैसे देऊन रोग पोसण्याचा प्रकार. थर वरून गुळगुळीत दिसतो, आत अडकलेलं पाणी लोखंड खात राहतं. विकायला काढलेल्या गाडीखाली ताजं काळं कोटिंग दिसलं तर मी आधी नखाने ते उचकटून बघतो.

हे सगळं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकायचं. जूनच्या हवेत घासलेलं लोखंड प्रायमर लागायच्या आत पुन्हा तांबूस होतं. भोक पडलेली चासी वागळे इस्टेट किंवा रबाळे एमआयडीसीतल्या चांगल्या मिग वेल्डरकडे न्या. कुजलेलं कापून तितक्याच जाडीचं पोलाद बसवायला सांगा, वरून पत्र्याचं ठिगळ नको. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा, एमपीएफआय गाडीत ईसीयूचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) कनेक्टरही काढा, आणि जवळपास काम असेल तर टाकी उतरवूनच ठेवा. चासी नंबर कोरलेल्या जागी ग्राइंडर फिरवू देऊ नका, नाहीतर पुढे आरटीओत उत्तरं देत बसाल.

ब्रेक

किंगला पुढे डिस्क, मागे ड्रम. आधी पाइप बघा. धातूच्या नळ्या चासीला जिथे क्लिपने धरलेल्या असतात नेमक्या तिथेच गंजतात, म्हणून क्लिप उघडून बघायचं. रबरी होज दुमडून पाहा, बारीक चिरा दिसल्या तर सगळे एकदम बदला. कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणारा भाग) काढला की तारेने पाट्याला टांगा. होजवर लटकत ठेवला तर आतला थर तुटतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. कॅलिपरच्या सरकत्या पिना काढून पोलिस पेपरने साफ करा, त्यांना ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा. आपल्याकडे एका बाजूला ओढणारी जिप्सी बहुतेकदा या अडकलेल्या पिनांमुळे ओढते.

मागचा ड्रम निघत नसेल तर आधी ॲडजस्टर सैल करा, हातोडीचा नंबर नंतर. आत चिकट, उग्र वासाचं ओलं दिसलं तर अक्सलचा सील गेला आहे. तो न बदलता नवे शू बसवणं व्यर्थ. आतली धूळ फुंकरीने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका, ब्रेक क्लीनरने धुवा.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. आपल्या दमट हवेत दोन वर्षांनी ते बदलायचंच, गाडी चालली असो वा नसो. ओल शिरलेलं ऑइल माळशेज उतरताना तापून उकळतं, वाफ होते, आणि पेडल पोकळ जातं. बदलताना मास्टर सिलिंडरपासून (पेडलला जोडलेल्या मुख्य पंपापासून) सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत म्हणजे मागचं डावं. चाकामागच्या ऑइल सोडायच्या निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ताज्या ऑइलमध्ये बुडवलेलं. घरातल्या कुणाला तरी सीटवर बसवा: "दाब… धरून ठेव… सोड." निपल पेडल दाबलेलं असतानाच उघडायचा आणि पेडल सुटायच्या आत बंद करायचा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. वरची टाकी मध्ये रिकामी होऊ देऊ नका. सांडलेलं ऑइल रंग खातं, लगेच पाण्याने धुवा.

पुढचे हब आणि नकल: जिप्सीची खरी दुखरी जागा

साठ-सत्तरच्या वेगात एखाद्या खड्ड्यातून गेल्यावर स्टिअरिंग थडथडायला लागतं आणि ब्रेक मारेपर्यंत थांबत नाही, ही तक्रार प्रत्येक जिप्सीवाल्याने केलेली असते. घोडबंदर रोडवर तर रोजची. गॅरेजमध्ये यावर स्टिअरिंग डँपर लावून देतात. डँपर थरथर दाबतो, कारण तसंच ठेवतो. आधी टायर बॅलन्स करून घ्या, मग तपासणी अशी:

पुढचं चाक उचला. एक हात वर, एक खाली धरून चाक आत-बाहेर हलवा. खेळ जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग सैल आहे. तरीही राहिला तर किंगपिनची, म्हणजे नकल ज्या खुंट्यांवर वळते त्यांची बेअरिंग. आता हात डावीकडे-उजवीकडे धरून हलवा. त्यात खेळ असेल तर स्टिअरिंगचे जोड, म्हणजे टाय रॉड एंड, ड्रॅग लिंक किंवा स्टिअरिंग बॉक्स. एवढ्या पाच मिनिटांत कुठला भाग आणायचा ते कळतं.

चाकाच्या आतल्या बाजूचा, नकल ज्याभोवती वळते तो अक्सलच्या टोकाचा गोळाही बघा. त्यावर पातळ, काळं तेल ओघळलेलं असेल तर अक्सलच्या आतला सील फुटून डिफरन्शियलचं (अक्सलमधल्या गिअरच्या डब्याचं) ऑइल नकलमध्ये आलं आहे आणि तिथलं ग्रीस पातळ करून वाहतं आहे. बाहेरचा सील कितीही बदला, आतला बदलल्याशिवाय गळती थांबत नाही.

काम लांबलचक आहे. एका रविवारी एकच बाजू धरा, दुसरी जोडलेली राहिली तर काय कुठे होतं ते बघता येतं. फ्री व्हील हबचं (पुढचं चाक अक्सल शाफ्टला जोडणाऱ्या-सोडवणाऱ्या लॉकचं) झाकण सहा बोल्टचं. ते उघडल्यावर ग्रीसचा रंग बघा: दुधाच्या चहासारखं झालं असेल तर पाणी शिरलेलं आहे. सर्क्लिप काढून हबची बॉडी बाहेर, मग लॉक प्लेटचे छोटे स्क्रू, मग बेअरिंगचा मोठा पातळ नट. या नटाचा खास सॉकेट मिळतो, तो घ्याच. छिन्नीने ठोकून काढलेले नट मी इतके पाहिलेत की एखाद्या हबात नट धड दिसला तर आधीच्या मालकाबद्दल आदर वाटतो. हब आणि डिस्क उतरली की मागचा स्पिंडल प्लास्टिकच्या हातोडीने हलका ठोकून सुटा करायचा आणि सांध्यासकट अक्सल शाफ्ट सरळ बाहेर ओढायचा.

टाय रॉड एंड पुलरने सोडवा. गोळ्याच्या मागच्या गोल सीलच्या पट्ट्या काढा. वरचा आणि खालचा किंगपिन प्रत्येकी चार बोल्टवर असतो, आणि त्यांच्याखाली शिम, म्हणजे जाडी जुळवायच्या पातळ चकत्या. वरचे शिम वरच्या पिनला, खालचे खालच्या पिनला तारेने बांधून ठेवा. त्यांची अदलाबदल झाली तर नकल मध्यावर बसत नाही. सगळं रॉकेलमध्ये धुवा. बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यांवर रोलर बसतात तिथे उभे चरे पडलेले दिसतील, बोट फिरवलं की नखाला अडतात. हाच तो थडथडाट. कडी पितळी पंचने आळीपाळीने चहूबाजूंनी ठोकून काढा, नवी बसवताना जुनं कडं वर ठेवून त्यावर ठोका.

आतला अक्सल सील बदला, पण गोळ्यामागचा सील आणि शाफ्ट अजून घालू नका. नकल, नवी बेअरिंग आणि किंगपिन एवढंच जोडून बोल्ट टॉर्कने आवळा. आता स्प्रिंगकाटा टाय रॉडच्या भोकात अडकवून काटकोनात ओढा. नकल साधारण एक ते पावणेदोन किलोच्या ओढीवर हलायला लागली पाहिजे. त्याच्या आतच हलली तर शिम कमी करा, जड जात असेल तर वाढवा. हे मोजमाप घेतल्याशिवाय जोडलेली नकल नवी बेअरिंग घालूनही सहा महिन्यांत पुन्हा थडथडते.

जोडताना गोळ्यावर गंजाचे खड्डे असतील तर बारीक पोलिस पेपरने घासा, नाहीतर नवा सील आठवड्यात फाटेल. शाफ्ट आत घालताना हाताने तोलून धरा, त्याचं वजन आतल्या नव्या सीलवर पडू देऊ नका. नकल आणि बेअरिंगमध्ये ग्रीस भरपूर, मात्र फ्री व्हील हबच्या आत फक्त पुसटसं. तिथे ठासून भरलं तर लॉक नीट सरकत नाही आणि ऐन चिखलात फोर व्हील लागत नाही. चाकाचं बेअरिंग नट आवळताना हब फिरवत राहा, मग किंचित सैल करून पुन्हा बेताने आवळा. हब मोकळा फिरला पाहिजे, डुलता कामा नये.

स्टिअरिंगचं टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून किती आत वळलेली आहेत ते, घरीच मोजता येतं. दोन्ही पुढच्या टायरच्या मधोमध खडूने खूण करा, अक्सलच्या उंचीला समोरच्या बाजूने दोन खुणांतलं अंतर मोजा, गाडी ढकलून खुणा मागे आणा आणि पुन्हा मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा साधारण दोन ते सहा मिलिमीटर कमी हवं. टाय रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, त्यामुळे लॉकनट सैल करून नुसता रॉड फिरवला की झालं.

तेलं, आणि ब्रीदरची नळी

गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन डिफरन्शियल. चारही ठिकाणी एकच नियम: भरायचा बोल्ट आधी सोडवा, निचऱ्याचा नंतर. वरचा अडकून बसला आणि खालून ऑइल काढून मोकळे झालात तर गाडी तिथेच उभी. डिफरन्शियलला जीएल-५ दर्जाचं हायपॉइड ऑइल, गिअरबॉक्सला जीएल-४. उलटसुलट करू नका, जीएल-५ मधली काही रसायनं गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या सिंक्रोच्या पितळी कड्या खातात.

आता या गाडीतलं सर्वांत स्वस्त आणि उपयोगी मॉडिफिकेशन. अक्सलला हवा सोडायला वर एक छोटा ब्रीदर असतो. गाडी चालून अक्सल तापलेला असतो, तशात तुम्ही ओढ्यात किंवा तुंबलेल्या रस्त्यावर पाण्यात शिरता. आतली हवा एकदम गार होऊन आकसते आणि मिळेल तिथून पाणी आत ओढते. मग ऑइलचं दूध होतं. उपाय: दोन्ही ब्रीदरच्या जागी नळीचं निपल, त्यावर तेल सोसणारी रबरी नळी, ती चासीच्या कडेने इंजिनच्या खोलीत उंच नेऊन टोकाला छोटा फिल्टर. अक्सल खाली-वर होतो, म्हणून नळीला तितका ढिला वळसा ठेवा आणि सायलेन्सरपासून लांब बांधा. आपल्याकडे ओढ्यापेक्षा जुलैतल्या सबवेलाच याचा जास्त उपयोग होतो.

वायरिंग

रात्री हेडलाइट पिवळट पडतात म्हणून लोक शंभर वॉटचे बल्ब घालतात आणि स्विच वितळवतात. मूळ बल्ब ६०/५५ वॉटचाच ठेवा. दोन्ही मिळून लो बीमला नऊ-साडेनऊ अँपिअर लागतात आणि जुन्या गाडीत हा सगळा करंट स्टिअरिंगखालच्या घासलेल्या स्विचमधून जातो. इंजिन चालू, लाइट चालू ठेवून मल्टिमीटरने बॅटरीवर आणि मग बल्बच्या होल्डरवर व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावा. व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड जवळपास तीस टक्के पडतो, म्हणून इथे वायर बदलणं नव्या दिव्यांपेक्षा जास्त देतं.

हाय आणि लो साठी वेगळा रिले. बॅटरीपासून जाड वायर, बॅटरीजवळच फ्यूज, मग रिलेची ३० नंबरची पिन, ८७ वरून बल्ब, ८५ आणि ८६ वर जुन्या होल्डरचा करंट. पण आधी टेस्टरने बघा की तुमच्या गाडीत स्विच पॉझिटिव्ह बाजूला आहे की अर्थच्या बाजूला. सुझुकीच्या जुन्या गाड्यांत तो अर्थच्या बाजूला असू शकतो, आणि तसं असेल तर बाजारातला तयार हार्नेस आहे तसा चालत नाही. जोड पिळून टेप गुंडाळू नका. क्रिंप करा, वर गरम करून आकसणारी नळी चढवा. आणि इंजिन ते चासी, चासी ते बॉडी या दोन्ही अर्थच्या पट्ट्या काढून, खालचं लोखंड घासून पुन्हा आवळा. सेल्फ अडखळणं, काटे नाचणं, इंडिकेटर मंद होणं यातलं बरंचसं तिथेच मिटतं.

कूलिंग आणि पेट्रोल

थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायचा सल्ला सगळे देतात, ऐकू नका. रेडिएटर साफ करून घ्या, झाकण नवं टाका, डिस्टिल्ड वॉटरमध्ये कूलंट अर्धं-अर्धं. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं आधीच्या मालकाने फेकलेलं असेल तर शोधून बसवा. गायमुखच्या जाममध्ये गाडी उभी असते तेव्हा हवा तेच ओढून आणतं.

आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात आणि चिरतात, म्हणून टाकीपासून इंजिनपर्यंतच्या सगळ्या बदला. एसएई जे३० आर९ असं छापलेली नळी मागा. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर कोरडा करून ठेवा. ओल शिरून इथेनॉल आणि पाणी तळाशी बसतं, आणि लोखंडी टाकीही आतून गंजते.

टायर आणि उंची

आता कुठे ही पाळी. किंगचा मूळ टायर २०५/७० आर१५, व्यास साधारण ६६८ मिलिमीटर. २१५/७५ आर१५ घातला तर व्यास ७०३ च्या आसपास, म्हणजे पोटाखाली जवळपास १८ मिलिमीटर जागा फुकटात, पाट्यांना हातही न लावता. स्पीडोमीटर तेव्हा पाच टक्के मागे राहतो, साठ दाखवतो तेव्हा तुम्ही त्रेसष्टवर असता. २३५/७५ आर१५ वर व्यास ७३३, फरक दहा टक्के. हा वळताना घासतो, इंजिनला जड जातो, ब्रेकलाही. माझ्या मते ठाण्यात राहून महिन्यातून एकदा नाणेघाट-भंडारदऱ्याकडे जाणाऱ्याला २१५ पुरेसा आहे.

पाटे बसले असतील तर आधी तेच दुरुस्त करा: उतरवून प्रत्येक पान वेगळं करा, गंज घासा, ग्रॅफाइट ग्रीस लावा, शॅकलचे रबरी बुश नवे घाला. यातच बऱ्याच गाड्या मूळ उंचीवर येतात. यू-बोल्ट एकदा काढले की नवेच लावायचे, आणि पाच-सातशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे. लांब शॅकल लावून उंची वाढवणं स्वस्त पडतं, पण दोन इंच लांब शॅकलने गाडी एकच इंच उचलली जाते आणि पुढचा अक्सल फिरून कॅस्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा किंगपिनचा मागचा कल) कमी होतो. मग नकलवर घेतलेली सगळी मेहनत पाण्यात, स्टिअरिंग पुन्हा तरंगतं. पाटे अक्सलच्या वर चढवण्याचं काम तर स्टिअरिंगचे सांधे, प्रोपेलर शाफ्टचे कोन आणि ब्रेक होज सगळंच बदलायला लावतं. ते घरी करू नका.

कायदाही इथेच आडवा येतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ रचनेविरुद्धचे बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. बुल बारवर, म्हणजे समोर लावलेल्या लोखंडी दांड्यांवर, केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बंदी सांगितली. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण फॉर्म २५ वर होतं, त्यासाठी गाडी आरटीओत तपासायला न्यावी लागते, ठाण्याची एमएच ०४ असो वा नवी मुंबईची एमएच ४३. पर्यावरण कर, पीयूसी आणि विमा आधी उरकून जा. वर सांगितलेलं गंज, ब्रेक, दिवे यांचं काम नीट झालेलं असेल तर तपासणीत अडायला फारसं काही उरत नाही. अडतो तो बंपर आणि लाइटची पट्टी.

पहिली फेरी

येऊरच्या जंगलात गाडी घालून बघायचा मोह टाळा. तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, रस्ता सोडून आत जाणं गुन्हा आहे. सकाळी लवकर पाम बीचसारख्या मोकळ्या रस्त्यावर चाळीसपर्यंत, ब्रेक हलके मारत. मग थांबून चारही हबना हात लावा. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर बेअरिंग घट्ट आहे किंवा ब्रेक धरतो आहे. फोर व्हील कोरड्या डांबरावर लावू नका. पुढच्या-मागच्या अक्सलला फरक घ्यायला जागा मिळत नाही आणि ट्रान्सफर केसवर ताण येतो. मातीच्या मैदानात लावून, लो रेंजसकट (कमी वेगाच्या, जास्त ताकदीच्या गिअरसकट), निघतं-बसतं ना बघा.

परत आल्यावर रात्री गाडीखाली मोठा कोरा पुठ्ठा सरकवून ठेवा, चाकांच्या जागा पेनाने लिहून. सकाळी डाग वाचा. मधोमध, गंधकाच्या उग्र वासाचा तपकिरी डाग म्हणजे डिफरन्शियल. समोर हिरवट, बुळबुळीत असेल तर कूलंट. इंजिनखाली काळा थेंब म्हणजे बहुधा सील किंवा गॅस्केट. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, जवळपास रंगहीन आणि बोटाला निसरडं लागलं तर ते ब्रेक ऑइल, तेव्हा गाडी जागची हलवू नका. बाकीचे डाग पुढच्या रविवारपर्यंत थांबू शकतात.